वांगाच्या डागाखाली रक्तवाहिन्या वाढल्या म्हणे. ऊन हे काम करतं तरी कसं?

दुपारची_सावली | रविवार, रात्री ९:१०

यंदा रंगपंचमीची गेर (रंग उडवत जाणारी मिरवणूक) बघायला आम्ही सगळे इंदूरच्या राजवाड्यावर गेलो होतो. सासरे म्हणत होते कुणाच्या तरी गच्चीवरून बघा, पण मुलं ऐकतात थोडीच. टँकरवरच्या मोटरीने उडवलेला रंग वरच्या मजल्यांच्या खिडक्यांपर्यंत जात होता आणि आम्ही खाली भर उन्हात, अकरा ते दोन. तोंडाला बांधलेला स्कार्फ रंगाने चिंब झाला म्हणून काढून पिशवीत कोंबला. राजेंद्रनगरला घरी आलो तेव्हा चेहऱ्याला काहीही नव्हतं. रात्री गाल तापायला लागले आणि सकाळी आरशात बघते तर टोमॅटो.

लाली चार दिवसांत गेली. पण दुसऱ्या बाळंतपणानंतर आलेले वांगाचे डाग होते, ते चांगलेच गडद झाले. काल त्वचेच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी टॉर्चसारखं एक भिंग गालाला टेकवून बघितलं आणि म्हणाल्या, "रंग तर आहेच, पण खाली बारीक रक्तवाहिन्याही वाढलेल्या दिसतायत. ऊन अगदी टाळा." बाहेर ही गर्दी, पुढचं काही विचारता आलं नाही.

उन्हाने माणूस काळवंडतो हे लहानपणापासून माहीत आहे. पण उन्हाने रक्तवाहिन्या वाढतात? झाडाला पाणी घातल्यावर मुळं वाढावीत तशा? कुणाला नीट माहीत असेल तर सांगा. गूगलवरचं चिकटवू नका, ते मी वाचलंय आणि मला कळलेलं नाही.

सराफा_रात्री_बारा | रविवार, रात्री ९:३२

वहिनी, बारानंतर सराफ्यातल्या खाऊबाजारात या. ऊन नसतं आणि भुट्ट्याचा कीस गरम मिळतो.

(उत्तर माहीत नाही. धाग्यावर जागा धरून बसलोय.)

रामबागचे_आजोबा | रविवार, रात्री ९:५०

आम्ही सायकलीवर महूपर्यंत जाऊन येत असू, मे महिन्यात. क्रीम कसलं अन् काय. आमच्या आई डाळीचं पीठ, साय आणि हळद लावायच्या. आपली कातडी मुळात सावळी, तिला ऊन काय करणार? हे गोऱ्या लोकांचे आजार.

प्रयोगवही | रविवार, रात्री ११:०५

मूळची इंदूरची, आता वडोदऱ्यात. काही वर्षं प्रयोगशाळेत त्वचेच्याच पेशी वाढवल्यात, म्हणून लिहिते. लांबेल, चहा घेऊन बसा.

आधी एक गंमत. त्वचेचा सगळ्यात वरचा थर, बाह्यत्वचा, चेहऱ्यावर जेमतेम ०.१ मिलिमीटर जाड असतो आणि त्यात एकही रक्तवाहिनी नसते. अगदी वरवर खरचटलं तर रक्त येत नाही ते यामुळे. या थरातल्या बहुतेक पेशींना केराटिनोसाइट म्हणतात. त्यांचं अन्नपाणी खालच्या थरातल्या केशवाहिन्यांमधून झिरपून वर येतं. म्हणजे इमारतीच्या वरच्या मजल्यावर नळच नाही आणि खालून जे वर येईल त्यावर बिऱ्हाड चाललंय.

ऊन सोसतो तो हा वरचा मजला. पण नवे नळ टाकायचे ते खालच्या मजल्यावर. तेव्हा वरच्यांच्या हातात एकच गोष्ट उरते, अर्ज. या अर्जाचं नाव व्हीईजीएफ. रक्तवाहिन्यांच्या आतलं अस्तर ज्या पेशींचं असतं, त्यांना वाढायला लावणारं हे एक प्रथिन. सोयीसाठी मी त्याला 'अर्ज'च म्हणणार आहे.

आता ऊन लागल्यावर अर्ज का निघतो ते. अतिनील किरण केराटिनोसाइटमध्ये शिरला की दोन-तीन ठिकाणी एकदम गडबड होते. डीएनएमधले शेजारी-शेजारी असलेले थायमिन नावाचे घटक एकमेकांना चिकटतात. पेशीत ऑक्सिजनची आक्रमक रूपं तयार होतात. आणि पेशीच्या पृष्ठभागावर वाढीचा संदेश घेणारे जे ग्राहक असतात (त्यातला मुख्य ईजीएफआर), ते बाहेरून कुठलाही संदेश आलेला नसताना चालू होतात. असे ग्राहक एरवी बंद ठेवायचं काम काही एन्झाइमं करत असतात. आक्रमक ऑक्सिजन त्या एन्झाइमांनाच निकामी करतो. दाराची बेल कुणी वाजवलेली नाही, पण आतली तार जळाल्यामुळे ती आपोआप वाजतेय असं समजा.

बेल वाजली की आत निरोपांची साखळी सुरू होते. एक फाटा एपी-१ नावाच्या जनुक-नियंत्रकापर्यंत जातो, दुसरा एचआयएफ-१ पर्यंत. हा एचआयएफ खरं तर ऑक्सिजन कमी पडला की जागा होणारा गडी. पेशी ऑक्सिजन कसा ओळखतात याचा छडा लावल्याबद्दल केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेंझा यांना २०१९ चं नोबेल मिळालं, त्या कथेचा नायक हाच. ऑक्सिजन पुरेसा असतानाही अतिनील किरण त्याला उठवू शकतात. मग केंद्रकात व्हीईजीएफच्या जनुकाची नक्कल वाढते आणि काही तासांत अर्ज खाली पोचू लागतात.

पण निम्मी गोष्ट राहिली, आणि मला तीच जास्त आवडते. निरोगी केराटिनोसाइट एरवी एक स्थगितीचा कागदही सोडत असतात: थ्रॉम्बोस्पॉन्डिन-१. नव्या वाहिन्या फुटू न देणारं प्रथिन. वाहिन्या वाढायच्या की नाही हे अर्ज आणि स्थगिती यांच्या तराजूवर ठरतं. यूव्हीबी (अतिनील किरणांचा एक प्रकार) पडल्यावर अर्ज वाढतात आणि त्याच वेळी स्थगिती कमी होते. दोन्ही पारडी एकाच बाजूला झुकतात.

त्वचेचे संशोधक मायकेल डेटमार आणि सहकाऱ्यांनी उंदरांवर हे तपासलं. ज्या उंदरांच्या बाह्यत्वचेत थ्रॉम्बोस्पॉन्डिन मुद्दाम जास्त बनेल अशी व्यवस्था केली, त्यांच्यात यूव्हीबी देऊनही नव्या वाहिन्या फारशा फुटल्या नाहीत आणि सुरकुत्याही कमी पडल्या. उलट व्हीईजीएफ जास्त असलेले उंदीर थोड्या किरणांनीही बेजार झाले.

दमले. बाकी उद्या.

दुपारची_सावली | सोमवार, सकाळी ७:२०

पोहे परतता परतता वाचलं. पहिल्यांदा कळलं काहीतरी. म्हणजे दुसऱ्या दिवशी गाल लाल झाले होते ते या नव्या रक्तवाहिन्यांमुळेच ना?

प्रयोगवही | सोमवार, दुपारी १:४०

नाही. बरं झालं विचारलंस, इथे फार लोक घसरतात. मीही घसरले होते आणि तोंडी परीक्षेत ऐकून घेतलं होतं.

लाली म्हणजे आहेत त्याच वाहिन्या रुंद होणं. प्रोस्टाग्लँडिन आणि नायट्रिक ऑक्साइड ही रसायनं वाहिन्यांच्या भिंती सैल करतात, रक्त जास्त येतं, गाल तापतात. यूव्हीबीची लाली बारा ते चोवीस तासांनी कळसाला जाते, म्हणून दुपारी काही नव्हतं आणि सकाळी टोमॅटो. आहे तीच नळी फुगली, एवढंच.

नवी वाहिनी फुटायला दिवस लागतात. अर्ज खाली पोचतो, वाहिनीच्या अस्तरपेशीवरच्या ग्राहकाला चिकटतो. शेजारच्या पेशींमधले सांधे ढिले होतात, बाहेरचं पातळ आवरण एन्झाइमांनी विरघळतं. मग एखादी पेशी पुढे सरसावते आणि बाकीच्या तिच्यामागून रांगेने जातात. फांदीला धुमारा फुटावा तसं. तुझं झाडाचं उदाहरण चुकीचं नव्हतं, फक्त मुळांच्या जागी धुमारे घे.

हे सांधे ढिले करण्यावरून आठवलं. १९८३ मध्ये हे अर्जाचं प्रथिन, व्हीईजीएफ, पहिल्यांदा सापडलं ते वाहिन्या गळक्या करणारं म्हणून, आणि नावही तसंच पडलं होतं. १९८९ मध्ये दुसरीकडे वाहिन्या वाढवणारं एक प्रथिन वेगळं काढलं गेलं, त्यामागे नेपोलिओन फेरारा. रचना ताडून बघितली तर दोन्ही एकच! ऊन लागल्यावर चेहरा सुजतो त्या सुजेतही या गळक्या वाहिन्यांचा हात असतो.

कॅट_निवृत्त | सोमवार, सायंकाळी ६:१५

आमचं आयुष्य कॅटमध्ये (आता राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र) किरणांच्या संगतीत गेलं. जीवशास्त्र आमचं नव्हे, पण किरणांबद्दल दोन शब्द.

अतिनील म्हणजे १०० ते ४०० नॅनोमीटर. २८० च्या खालचा यूव्हीसी, तो वातावरणात वरच अडतो. २८० ते ३१५ यूव्हीबी, ३१५ ते ४०० यूव्हीए. जमिनीवर पोचणाऱ्या अतिनीलपैकी सुमारे ९५ टक्के यूव्हीए असतो. ३०० नॅनोमीटरच्या एका फोटॉनची ऊर्जा सुमारे ४.१ इलेक्ट्रॉन व्होल्ट, हिरव्या प्रकाशाची सव्वादोन. म्हणून थोडासाच असूनही यूव्हीबी डीएनएशी थेट भांडू शकतो. तो बहुतेक बाह्यत्वचेतच शोषला जातो. यूव्हीए कमी जोराचा, पण खालच्या थरापर्यंत उतरतो.

खिडकीची साधी काच यूव्हीबी बहुतांशी अडवते, यूव्हीए बराचसा आत सोडते. काचेआड बसून चेहरा लाल होत नाही म्हणून बिनधास्त राहणाऱ्यांनी नोंद घ्यावी.

आणि आपलं इंदूर सुमारे २२.७ अंश उत्तरेला, कर्कवृत्ताच्या किंचित खाली. त्यामुळे सूर्य वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो, जूनच्या पहिल्या आठवड्याच्या सुमारास आणि पुन्हा जुलैच्या पहिल्या आठवड्याच्या सुमारास. त्या दुपारी काठी उभी रोवून बघा, सावली गायब. मोठ्या शहरांपैकी भोपाळ आणि आपण या रेषेच्या अगदी लगत, उज्जैनही जवळच. किरणांना वातावरणातून सगळ्यात कमी अंतर कापावं लागतं ते अशा वेळी. दुपारी अकरा-तीनचं ऊन टाळा म्हणतात, त्याचं कारण हे कोनाचं गणित. जुलैत ढग असतात म्हणून आपण फसतो. पातळ ढगांतून अतिनील बराच खाली येतो.

रामबागचे_आजोबा | सोमवार, रात्री ८:००

कॅटवाले साहेब, सावलीचं पटलं. पण सावळ्या कातडीचं उत्तर कुणी दिलं नाही.

प्रयोगवही | सोमवार, रात्री ८:४५

आजोबा, तुमचं म्हणणं निम्मं खरं. मेलॅनिन ही केंद्रकावर धरलेली छत्रीच असते, आणि गडद त्वचेत ती मोठी असते. म्हणून उन्हामुळे होणारे त्वचेचे कॅन्सर आपल्याकडे खूप कमी. पण वांग बघा कुणाला होतं. सावळ्या, गव्हाळ त्वचेच्या बायकांनाच जास्त. रंग बनवण्याचा कारखाना मोठा असला की तो बिघडतोही मोठ्या प्रमाणावर. आणि छत्रीतूनही किरण झिरपतात.

बाबांचा_ड्रायव्हर | सोमवार, रात्री ९:३०

थांबा थांबा. व्हीईजीएफ? बाबांना मधुमेह आहे, पडद्याला सूज आलीय, आणि त्यांना डोळ्यात इंजेक्शनं देतात ती "अँटी-व्हीईजीएफ" आहेत असं कागदावर लिहिलंय! दर महिन्याला मीच नेतो. हे तेच का?

प्रयोगवही | सोमवार, रात्री ९:४५

तेच! एकच अर्ज, वेगळं ऑफिस. मधुमेहात पडद्याच्या बारीक वाहिन्या खराब होतात, पडद्याला ऑक्सिजन कमी पडतो, तो एचआयएफ जागा होतो आणि अर्ज निघतात. वाहिन्या गळतात म्हणून सूज. पुढे नव्या फुटतात त्या कच्च्या, त्यातून रक्त येतं. इंजेक्शनातलं प्रथिन हा अर्ज वाटेतच पकडून ठेवतं. असंच एक औषध, बेव्हासिझुमॅब, २००४ मध्ये अमेरिकेत मोठ्या आतड्याच्या कॅन्सरसाठी मंजूर झालं. गाठीला वाढायला रक्त लागतं, ते तोडा, हा जुडा फोकमन यांनी १९७१ मध्ये मांडलेला विचार. तेव्हा लोक हसले होते.

वांगासाठी मात्र कुणी गालात असली इंजेक्शनं घेत नाही बरं, सावली. घाबरू नकोस.

बाबांचा_ड्रायव्हर | सोमवार, रात्री ९:५२

बाबांना वाचून दाखवलं. म्हणाले, "म्हणजे माझ्या डोळ्यात अर्जांचा गठ्ठा अडवून ठेवलाय तर." इतकी वर्षं सरकारी नोकरी केली त्यांनी. लगेच कळलं.

भिंगवाली | मंगळवार, सकाळी ११:२०

त्वचारोगाची प्रॅक्टिस करते (वरच्या डॉक्टर मी नव्हे). प्रयोगवहीने छान लिहिलंय, पण दोन गोष्टी जोडायला हव्यात.

पहिली. "ऊन म्हणजे वाहिन्या वाढणार" हे थोड्या काळाचं चित्र आहे. तीस-चाळीस वर्षं उन्हात राबलेल्या माणसांच्या चेहऱ्याची तपासणी केली तर वरच्या भागातल्या वाहिन्या उलट कमी झालेल्या आढळतात, आणि उरलेल्या काही रुंद, वेड्यावाकड्या. खालचा आधारच ढासळलेला असतो. प्रयोगवहीने सांगितलेला तो एपी-१ केवळ वाहिन्यांचं बघत नाही, कोलॅजेन (त्वचेला आधार देणारं प्रथिन) तोडणारी एन्झाइमंही वाढवतो. आजोबांच्या पिढीतल्या शेतकऱ्यांच्या मानेवर खोल चौकटी दिसतात, ती या तोडफोडीची खूण.

दुसरी. वांगाच्या डागात आजूबाजूच्या त्वचेपेक्षा वाहिन्या जास्त असतात आणि व्हीईजीएफही जास्त सापडतं, हे खरं. पण वाहिन्यांमुळे डाग की डागामुळे वाहिन्या, असा सरळ हिशेब मांडू नका. बाळंतपण, गर्भनिरोधक गोळ्या, घराण्याचा वारसा, ऊन, सगळे एकाच ताटात जेवतात.

प्रयोगवही | मंगळवार, दुपारी १२:०५

पहिला मुद्दा मान्य. आमच्या पेशी ताटलीत आठवडाभर जगायच्या, चाळीस वर्षांचं ऊन त्यांना कुठून मिळणार! माझ्या कालच्या पोस्टमध्ये 'थोड्या काळापुरतं' हे शब्द घालून वाचा.

संशयी_भिया | मंगळवार, दुपारी १:१०

एक शंका. माझ्या मावसभावाला सोरायसिस आहे. त्याला दवाखान्यात आठवड्यातून तीनदा यूव्हीबीच्या पेटीत उभं करतात. सोरायसिसच्या चट्ट्यात तर म्हणे रक्तवाहिन्या आधीच वाढलेल्या असतात. मग त्याच किरणांनी बरा कसा होतो? काहीतरी घोळ आहे भिया.

भिंगवाली | मंगळवार, रात्री १०:००

घोळ नाही, हा धाग्यातला सगळ्यात चांगला प्रश्न आहे. त्या पेटीत ३११ नॅनोमीटरच्या आसपासचा अरुंद पट्टा वापरतात. मात्रा मोजून, लाली येण्याच्या थोडी खालीच, सावकाश वाढवत. सोरायसिसमध्ये मूळ भडका रोगप्रतिकारातल्या टी-पेशींचा. यूव्हीबी त्या टी-पेशींना मारतो, थोपवतो. भडका शमला की केराटिनोसाइटांची घाई थांबते, अर्जही कमी होतात, वाहिन्या मागे हटतात. वाहिन्यांना थेट झालेला त्रास लहान, मुळाला बसलेला दणका मोठा. मात्रेचा फरक आहे. गेरमधल्या तीन तासांना मात्रा म्हणत नाहीत, त्याला अघोरीपणा म्हणतात.

प्रकाशाने त्वचा बरी करण्याचं हे खूळ जुनंच. नील्स फिन्सेन यांना १९०३ चं नोबेल मिळालं ते त्वचेच्या क्षयावर प्रकाशाचे उपचार केल्याबद्दल.

दुपारची_सावली | मंगळवार, रात्री १०:२५

भिंगवाली ताई, आता माझ्या कामाचं सांगा. राजेंद्रनगर ते पलासिया रोज स्कूटरवर, स्कार्फ असतो. तरी डाग का वाढतायत? आणि सनस्क्रीन लावते मी, पन्नास नंबरचं.

भिंगवाली | मंगळवार, रात्री ११:१५

तुमच्या डॉक्टरांचं ऐकाच, मी फक्त तुमचा प्रश्न सोडवते.

पन्नास हा एसपीएफ लालीवर मोजलेला आकडा आहे, म्हणजे मुख्यतः यूव्हीबीचा. तोही त्वचेच्या दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम लावल्यावर. आपण बायका शेंगदाण्याएवढं बोटावर घेतो आणि मानेलाही पुरवतो, मग पन्नासचे पन्नास कुठे राहतात? यूव्हीएसाठी डब्यावरचं 'पीए' आणि त्यापुढच्या अधिकच्या खुणा बघा. वांगाला तर डोळ्यांना दिसणारा प्रकाशही चिथावतो. म्हणून त्वचेच्या रंगाचं, लोह ऑक्साइड घातलेलं सनस्क्रीन आम्ही वांगासाठी सुचवतो. दोन-तीन तासांनी पुन्हा लावायचं.

आणि स्वयंपाकघर. नुसत्या उष्णतेनेही, अवरक्त किरणांनीही, माणसाच्या त्वचेत व्हीईजीएफ वाढतं. पापड भाजताना गाल शेगडीच्या किती जवळ असतो ते एकदा बघा.

ट्रॅनेक्झॅमिक आम्ल नावाची गोळी मैत्रिणींकडून कानावर आलीच असेल. वाहिन्या आणि रंग दोन्हींवर ती काम करते, पण रक्ताच्या गुठळ्यांचा इतिहास असलेल्यांना घातक ठरू शकते. दुकानातून परस्पर आणून गिळू नका.

कॅट_निवृत्त | बुधवार, सकाळी ८:३०

स्कार्फबद्दल. दिव्यासमोर धरा. विणीतून दिवा दिसला तर किरणही जाणार. घट्ट विणीचा, गडद रंगाचा सुती कपडा चांगला. पातळ जॉर्जेट ओलं झालं की आणखी पारदर्शक होतं, गेरमध्ये तेच झालं असावं. आमच्या सौ. चे सात स्कार्फ काल रात्री तपासले. दोन उत्तीर्ण.

रामबागचे_आजोबा | बुधवार, सकाळी ९:१५

बाकी सगळं मान्य. पण हळद-सायीला कुणी नावं ठेवली नाहीत हे लक्षात आलंय माझ्या.

भिंगवाली | बुधवार, दुपारी २:००

आजोबा, साय लावा, त्वचा मऊ राहील. उन्हाच्या आधी मात्र लिंबू लावायला कुणाला सांगू नका. लिंबाचा रस आणि यूव्हीए एकत्र आले की त्वचा भाजते, काळे ओघळ उठतात. होळीनंतर दर वर्षी दोन-तीन तरी येतात असे.

दुपारची_सावली | बुधवार, रात्री ९:४०

दिव्याच्या परीक्षेत माझे चारही स्कार्फ नापास. उद्या सुती घेते. सासऱ्यांना 'अर्ज आणि स्थगिती' समजावून सांगितलं, ते म्हणाले पुढच्या वर्षी गच्चीचा अर्ज आत्ताच टाकून ठेव. शिवमपुऱ्यातली नणंद विचारतेय की फोनच्या उजेडानेही वांग येतं का. मी म्हटलं, धाग्यावर ये आणि तूच विचार.

सराफा_रात्री_बारा | बुधवार, रात्री ११:५८

मी निघालोय. कुणी येतंय का? ऊन शून्य.